फुलांऐवजी

ती दोन हजार बारा सालची गोष्ट. त्या वर्षी आमच्या सिरॉस बेटावर पगार कापले गेले, पेन्शनी कापल्या गेल्या, आणि अथेन्सहून बोटीने आलेलं सरकारी पाकीट फोडायच्या आधी लोक छातीवर क्रूस काढू लागले. तरीही त्या वर्षाचा विषय निघाला की आमच्या एर्मूपोली गावातली माणसं आजही आधी हसतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "आर्गिरो आणि फुलवाल्याचं तेव्हाच जमलं ना?"

हो, तेव्हाच जमलं. आणि सुरुवात झाली एका अंत्यविधीला.

मार्चचा पहिला आठवडा होता. दक्षिणेकडून ओला, लालसर धुळीचा वारा सुटला होता. पाऊस असा की पडतोय म्हणावं तर छत्री कोरडी आणि नाही म्हणावं तर केस ओले. सव्वीस वर्षांची आर्गिरो बगलेत पत्र्याचा डबा धरून चर्चच्या पायऱ्या धावत चढत होती. वर एका म्हाताऱ्या कप्तानाला निरोप द्यायला सगळं गाव जमलं होतं, आणि तिला उशीर झाला होता.

तेवढ्यात वरून पांढऱ्या कार्नेशन फुलांचं एक भलंमोठं पुष्पचक्र आपलं आपण खाली येताना तिला दिसलं. त्याच्याखाली दोन पाय होते.

"बाजूला व्हा, बाजूला व्हा! मला समोरचं काही दिसत नाही!"

"मग चालता कशाला?"

"थांबलो तर वारा उचलून बंदरात नेऊन टाकेल म्हणून!"

वाऱ्याने तेवढंच ऐकल्यासारखं केलं. चक्र गर्रकन फिरलं, आर्गिरोची छत्री उलटी झाली आणि छत्रीची काडी नेमकी फुलांत जाऊन अडकली. चक्राच्या मधल्या भोकातून एक चेहरा बाहेर आला. तिशीतला, भिजलेला, भुवयांवर कार्नेशनची एक पाकळी चिकटलेला.

"हलू नका," तो म्हणाला. "ओढलंत तर एक बाजू उघडी पडेल."

"मला उशीर होतोय."

"मलाही झाला असता... पण मला दारातूनच परत पाठवलंय." तो वाकून एकेक फूल काडीवरून सोडवू लागला. बोटं लांब होती आणि हिरवी डागाळलेली. "कुणा बाईने म्हणे कप्तानाच्या घरच्यांना पटवलं. फुलं नकोत, फुलांऐवजी देणगी द्या! काल तीन चक्रांच्या ऑर्डरी रद्द झाल्या, हे चौथं. भेटू दे ती बाई मला एकदा."

"भेटली तर काय कराल?"

"विचारीन. बाई, मेलेल्या माणसाला पैसे कशाला लागतात?"

"आणि फुलं कशाला लागतात?"

तो उत्तर द्यायला गेला आणि त्याची नजर तिच्या बगलेतल्या डब्यावर पडली. डब्यावर निळ्या रंगात ठळक लिहिलं होतं – 'चूल'. त्याने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्हीच...?"

"मीच," आर्गिरो म्हणाली. छत्री सुटली होती. दोन पायऱ्या चढून ती मागे वळली. "तुमच्या भुवईवर फूल आहे. काढून घ्या. नाहीतर त्याचीही ऑर्डर रद्द करीन."

खाली उतरताना तो हसला की नाही, ते तिला दिसलं नाही. पण वर पोचेपर्यंत ती हसत होती, आणि चर्चच्या दारात शिरताना तिला मुद्दाम तोंड पाडावं लागलं.

'चूल' म्हणजे जकात नाक्यामागचं एक स्वयंपाकघर. सेवानिवृत्त नर्स एवांगेलिया काकूंनी ते अकरा वर्षांपूर्वी सुरू केलं होतं. आमचं गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या. तरुणपणी माणूस त्या चढून घर बांधतो आणि म्हातारपणी त्याच पायऱ्या त्याला खाली येऊ देत नाहीत. अशा एक्केचाळीस म्हाताऱ्यांना 'चूल' दुपारचं गरम जेवण घरी नेऊन देई, औषधं देई, आणि घटकाभर बसून त्यांच्या तक्रारीही ऐकून घेई. बराचसा खर्च सरकार देत असे. फेब्रुवारीत पत्र आलं – मार्चनंतर अनुदान बंद.

एवांगेलिया काकूंनी पत्राची घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. "ईस्टरपर्यंत ओढू," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कुलूप."

ईस्टर होता पंधरा एप्रिलला. आणि त्याच ईस्टरपर्यंत आर्गिरोला आणखी एक उत्तर द्यायचं होतं. तिची मावसबहीण देस्पिना जर्मनीत स्टुटगार्टला होती. तिने तिथल्या वृद्धाश्रमात आर्गिरोसाठी नोकरी पाहून ठेवली होती. 'चूल' राहिली तर आर्गिरो राहणार. नाही राहिली तर बॅग भरायची. इतकं ते सरळ होतं. फक्त रात्री उशीवर डोकं टेकलं की ते सरळ वाटत नसे.

म्हणूनच तिने 'फुलांऐवजी देणगी'चा घाट घातला होता. रीत जुनी, पण आमच्या गावात फारसं कुणी पाळत नसे. कप्तानाच्या विधीनंतर, कॉफी आणि ब्रँडी झाल्यावर, तिने डबा उघडला. आत शहाऐंशी युरो होते.

दोन दिवसांनी ती मारूसो आजींच्या जेवणाचा डबा घेऊन वरच्या गावात गेली. एकशे चौसष्ट पायऱ्या! ती रोज मोजत असे. मोजल्या की दम कमी लागतो अशी तिची समजूत. निळ्या दारातून पुरुषाचा आवाज ऐकू आला आणि ती थबकली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पांढरी कार्नेशन लावत फुलवाला उभा होता.

"ये गं पोरी," आजी खाटेवरून म्हणाल्या. त्या अठ्ठ्याऐंशीच्या, आणि डोळ्यांनी जवळजवळ आंधळ्या. पण पायरवावरून माणूस ओळखत. "आज काय आणलंस?"

"हरभरे, आजी. रोझमेरी घालून."

"हरभरे तर रविवारी करायचे, ते मंगळवारी? सरकार काय काय उलटं करणार आहे देव जाणे. हा माझा शेजारी झानिस. दिसायला कसा आहे मला ठाऊक नाही हो. माझे डोळे गेले तेव्हा हा बारा वर्षांचा होता आणि याचे कान फार मोठे होते. बघ गं, अजून आहेत का?"

आर्गिरोने नीट पाहिलं. कान मोठे होते, आणि बघता बघता लाल होत चालले होते.

"आहेत, आजी."

"म्हणजे आईवर गेलाय. चांगला आहे मग."

"आजी!" झानिस म्हणाला.

"काय आजी? रोज संध्याकाळी येऊन विचारतोस, जेवलीस का. आज हिला विचार, माझं जेवण कोण आणतं. ही यायची थांबली तर तुझी फुलं उकडून खाऊ मी?"

 बरणीतली फुलं झानिसने उगाचच पुन्हा एकदा लावली. निघताना त्याने आर्गिरोच्या हातातले रिकामे डबे न विचारता घेतले. दोघं पायऱ्या उतरू लागले.  एका मांजराने दोघांना वाट दिली.

"कप्तानाच्या दिवशी..." शेवटी तो म्हणाला, "डबा भरला का तुमचा?"

"शहाऐंशी युरो." ती त्याच्या हसण्याची वाट बघत होती. तो हसला नाही.

"तीनशे माणसं होती."

"तुम्ही मोजलीत?"

"फुलवाला आहे मी. सवय असते." तो थांबला. डबे त्याने कठड्यावर ठेवले. "एक सांगू? आमच्या धंद्यातलं आहे. वडील असते तर कान उपटले असते माझे."

"आधीच मोठे आहेत. सांगा."

"लोक फुलं विकत घेत नाहीत. फुलं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात, ते त्यांना माहीत असतं. लोक रिबीन विकत घेतात. चक्रावर आडवी लावतो ना आम्ही, सोनेरी अक्षरांची? 'अमुक कुटुंबाकडून अखेरचा निरोप.' विधवा बाहेर येते, डोळ्यांतून पाणी गळत असतं, पण ती एकेक रिबीन वाचते. मागून गाव वाचतं – कुणी पाठवलं आणि कुणी नाही पाठवलं. तुमच्या डब्याला भोक आहे, पण डोळे नाहीत. त्यात पन्नास टाकले काय आणि बटण टाकलं काय, कुणाला कळणार?"

आर्गिरो कठड्यावर बसलीच. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला.

"म्हणजे माझ्याकडे सगळं होतं... फक्त रिबीन नव्हती."

"ती माझ्याकडे आहे," झानिस म्हणाला. "चक्र एकच करायचं. डोंगरावरचा तमालपत्राचा पाला आणि रोझमेरी, फुकट. देणगी देईल त्याची रिबीन त्यावर. मला फक्त कापड आणि रंगाचे पैसे द्या. बाकीचे चुलीत."

"आणि तुमचा धंदा?"

"तो तसाही बसलाय. कार्नेशन सुकताना एकट्याने बघत बसण्यापेक्षा..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "अट एकच. रिबिनी लिहायला तुम्ही यायचं. मी एकटा पन्नास लिहिल्या तर हात मोडेल."

"अक्षर वाईट आहे माझं."

"शिकवीन."

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका गेल्या. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं. आर्गिरो दुपारी दुकानात आली तेव्हा लांब टेबलावर जांभळ्या आणि पांढऱ्या रिबिनी पसरलेल्या होत्या. झानिसने तिच्या हातात कुंचला दिला.

"आधी श्वास सोडायचा. मग अक्षर ओढायचं. श्वास धरलात की हात कापतो."

तिने श्वास सोडला. तो तिच्या मागे उभा राहून बघत होता, आणि तिला पुन्हा श्वास घ्यायचंच सुचेना. पहिलं अक्षर मांजराच्या शेपटीसारखं वाकडं आलं.

"सुंदर," तो म्हणाला.

"खोटं बोलू नका."

"मी अक्षराला कुठे म्हटलं?"

तिने कुंचल्याचं टोक त्याच्या नाकाला लावलं. नाकावर सोन्याचा ठिपका घेऊनच त्याने दोन गिऱ्हाइकांशी बोलणी केली आणि तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्या चक्रावर अठ्ठावन्न रिबिनी लागल्या. चर्चच्या दारात वाऱ्याने त्या सगळ्या एकदम उचलल्या, तेव्हा ते चक्र सणाला पताका चढवलेल्या जहाजासारखं दिसलं. बायका पदर सावरावा तशा शाली सावरत पुढे सरकल्या आणि वाचू लागल्या. डॉक्टरांचं नाव होतं, नोटरीचं होतं, चौकातल्या थोरल्या बेकरीच्या लिनार्दोचंही होतं. धाकट्या बेकरीच्या मालकाचं, त्याच्या धंद्यातल्या वैऱ्याचं, नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो दुकानात हजर.

"पुढच्या वेळी माझी रिबीन लिनार्दोपेक्षा वीतभर लांब पाहिजे."

"पुढच्या वेळी म्हणजे? कोण मरायला टेकलंय?" झानिसने विचारलं.

"कुणीही! तुम्ही लिहून ठेवा!"

तो गेल्यावर दोघं हसून हसून टेबलाला धरून उभी राहिली. हसता हसता आर्गिरो म्हणाली, "झानिस, तू पाहिलंस का त्याचं तोंड—" आणि थांबली. 'तू' तोंडातून निघून गेलं होतं.

"पाहिलं," तो हळूच म्हणाला. "तू पाहिलंस, मी पण पाहिलं."

त्या दिवसापासून 'तुम्ही' दुकानाबाहेर राहिलं.

मार्च सरत आला. मारूसो आजी आता उघडच विचारू लागल्या. "तो वरच्या टेकडीवरचा कॅथलिक, तू खालची ऑर्थोडॉक्स. पण आपल्या बेटावर ईस्टर दोघांचा एकाच दिवशी येतो. मग अडलंय कुठे तुमचं?"

अडलं होतं ते पैशांत. रिबिनींनी एप्रिल निघाला असता, फार तर मे. गावात रोज कुणी मरत नव्हतं, आणि मरावं असं म्हणणंही बरं नव्हतं. देस्पिनाचे फोन येत होते. "अगं, तिथे काय ठेवलंय? म्हातारे आणि पायऱ्या! इथे लिफ्ट आहे, लिफ्ट!" एवांगेलिया काकूंनी कुलूप विकत आणून खिडकीत ठेवलं होतं. नवं कोरं, पितळी. आर्गिरो त्याच्याकडे बघत नसे.

चोवीस मार्चला, शनिवारी दुपारी, ती दुकानात आली ती चमकत्या डोळ्यांनीच. "उद्या काकूंचा नामदिन!"

पंचवीस मार्च म्हणजे आमच्याकडे दोन सण एकाच ताटात. एक राष्ट्रीय दिन, आणि दुसरा मरियेला देवदूताने येशूच्या जन्माचा निरोप आणला तो दिवस. एवांगेलिया नावाच्या सगळ्या बायकांचा तो नामदिन, वाढदिवसासारखाच साजरा होणारा. लोक घरी येतात, केकचे खोके आणतात.

"केकऐवजी रिबिनी!" आर्गिरो म्हणाली. "आपल्या एक्केचाळीस घरांतून मी निरोप आणलेत. कुणी पाच युरो दिलेत, कुणी दोन. मारूसो आजी म्हणाल्या, लिही, 'एवांगेलिया, शंभर वर्षं जग, नाहीतर माझे हरभरे कोण शिजवणार.' पैसे थोडे आहेत, पण... कुलूप लागायच्या आधी काकूंना हे दिसायला हवं, झानिस. निदान एकदा."

झानिसकडे तमालपत्राचा पाला भरपूर होता. राष्ट्रीय दिनाला चौकातल्या स्मारकावर वाहायला नगरपालिका दरवर्षी वीस चक्रं घेई. यंदा काटकसरीत एकच घेतलं होतं. संध्याकाळभर दोघं विणत बसली, लिहीत बसली. शेवटच्या रिबिनीशी दोघांचेही हात एकाच वेळी पोचले आणि कुणीच मागे घेतला नाही. बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. तेव्हा कुठे आर्गिरो म्हणाली, "रंग वाळला."

"हो," झानिस म्हणाला. "कधीचाच."

रविवारी सकाळी ती लवकरच औषधं पोचवायला आणि कालचे रिकामे डबे आणायला पायऱ्यांवर गेली. झानिसने आठ वाजता चक्र आपल्या पितळी तिपाईवर चढवलं, 'चुली'च्या दारात मधोमध उभं केलं, आणि स्मारकाचं चक्र पोचवायला चौकात पळाला. काकू आत मागच्या बाजूला होत्या. पंचवीस मार्चला तळलेला मासा आणि लसणाची चटणी व्हायलाच हवी. म्हणून कढई चरचरत होती, धुराचा पंखा घोंघावत होता आणि रेडिओवर संचलनाचा बँड मोठ्याने वाजत होता.

दहाच्या सुमाराला रिकामे डबे वाजवत आर्गिरो खाली उतरली. जकात नाक्याच्या कोपऱ्यावर ती वळली, आणि तिथेच थांबली.

'चुली'समोर गर्दी होती. चर्चमधून संचलनाला निघालेलं सगळं गाव तिथे थांबलं होतं. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. लिनार्दो बेकरीवाला हमसून हमसून रडत होता आणि धाकटा बेकरीवाला, ज्याच्याशी त्याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. पाद्रीबाबा डोळे मिटून पुटपुटत होते. दारात ठेवलेल्या 'चूल' लिहिलेल्या डब्यात लोक एकामागून एक नोटा टाकत होते.

"अनुदान बंद झालं, त्याच धक्क्याने गेली," एक बाई म्हणाली. "माझ्या आईला सहा वर्षं न्हाऊ घातलं हो तिने."

आर्गिरोच्या हातातले डबे दगडांवर आपटले. काकू...? सकाळी तर...  मग तिला दारातली तिपाई दिसली. ओल्या वाऱ्याने रिबिनी पिळून उलट्या झाल्या होत्या, त्यावरची अक्षरं कुणालाच दिसत नव्हती. आणि आमच्या गावात पितळी तिपाई दारात उभी राहते ती एकाच कारणासाठी.

"अरे देवा," आर्गिरो म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. पिठाने माखलेला एप्रन, हातात झारा, अंगाला लसणाचा वास. एवांगेलिया काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली.

"कोण गेलं?"

 लिनार्दोचा हुंदका अर्ध्यावर अडकला. सगळ्यांनी पाद्रीबाबांकडे पाहिलं.

"तू," पाद्रीबाबा म्हणाले.

"मी? कधी?"

"सकाळी... म्हणजे... लोक म्हणाले..."

"लोकांनी मला तरी विचारायचं!"

पहिलं कोण हसलं ते आजवर ठरलेलं नाही. पण हसू पसरलं ते थेट बंदरापर्यंत. बायका रडत हसत होत्या, हसत रडत होत्या. धाकटा बेकरीवाला मात्र डब्याकडे बघत होता. "मग माझे पन्नास युरो..." त्याने सुरुवात केली. त्याच्या बायकोचं कोपर त्याच्या बरगडीत गेलं. वाक्य तिथेच संपलं.

काकूंनी आतून खुर्ची ओढून आणली आणि चक्राशेजारी ऐसपैस बसल्या. "आता बोला. काय बोलत होता माझ्याबद्दल? मेल्यावर ऐकू येणार नाही, आत्ता ऐकते."

आधी सगळे लाजले. मग ती बाई पुढे आली, तिच्या आईला न्हाऊ घातल्याचं तिने पुन्हा सांगितलं. मग डॉक्टर. मग लिनार्दो, ज्याचा बाप शेवटची दोन वर्षं फक्त काकूंच्याच हातून जेवला होता. काकू ऐकत होत्या. झारा मांडीवर होता. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी मेले म्हणून तुम्ही हा डबा तासाभरात भरलात. पण मी मेले तर मला काही लागत नाही. ही चूल मेली तर वर एक्केचाळीस माणसं उपाशी राहतील. सरकारने हात वर केले. आता तुम्ही सांगा. एकदम पन्नास नकोत मला. महिन्याला पाच द्या. पण दर महिन्याला. ज्याला जमेल त्याने आत्ता नाव सांगा. मासे गार होताहेत."

लिनार्दोने पहिलं नाव दिलं. धाकट्याने दुसरं. "आणि माझे सहा!" असं वर.

दुपारपर्यंत एकशे बारा नावं झाली. संचलनाचा बँड रिकाम्या चौकात वाजवून कंटाळला आणि शेवटी वाद्यांसकट 'चुली'समोरच आला. मासे संपले, मग बेकऱ्यांतून पाव आले, कुणी घरून वाइन आणली. दुपारचं जेवण त्या दिवशी एक्केचाळीस जणांना बँडच्या पोरांनी पोचवलं.

आर्गिरो मात्र तिथे नव्हती. झानिसला ती दुकानात मागे सापडली, तमालपत्राच्या उरलेल्या फांद्यांत बसलेली. एकशे बारा नावं झाल्याची बातमी त्याने आधी सांगितली.

"जिवंत बाईच्या दारात मी तिपाई ठेवायला लावली," ती म्हणाली. "गाव मला हे जन्मभर विसरू देणार नाही."

"तिपाई मी ठेवली."

"कल्पना माझी होती."

"कल्पना चक्राची होती. ते भिंतीवर टांगता आलं असतं, खुर्चीवर ठेवता आलं असतं." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "आर्गिरो, मी नऊ वर्षांचा असल्यापासून या दुकानात आहे. तिपाई कुठे ठेवायची आणि कुठे नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आज ती ठेवली तेव्हा मी तिपाईचा विचार करत नव्हतो. काल संध्याकाळी तू हात मागे घेतला नाहीस... त्याचा करत होतो."

 एक पान घेऊन तिने त्याचे बारीक तुकडे केले. दुकानभर त्याचा तिखटगोड वास पसरला.

"आणि?" तिने विचारलं.

"आणि मला सारखी स्टुटगार्टला जाणारी बोट दिसत होती."

"स्टुटगार्टला बोट जात नाही. तिथे समुद्रच नाही."

"तेच तर म्हणतोय मी," झानिस म्हणाला. "समुद्र नाही, पायऱ्या नाहीत, मी नाही. कशाला जायचं अशा गावाला?"

आर्गिरो हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अर्धाच पगार मिळेल. एकशे बारा घरांकडून पाच-पाच युरो..."

"धाकट्याचे सहा."

"झानिस..."

"बोल ना."

"तुझे कान पुन्हा लाल झालेत," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी ते धरून तिने त्याला जवळ ओढलं.

देस्पिनाला तिने ईस्टरची वाट न बघता त्याच संध्याकाळी फोन केला. देस्पिना अर्धा तास रागावली. मग म्हणाली, "लिफ्टपेक्षा चांगला आहे का तो, तेवढं सांग." आर्गिरो म्हणाली, "कधीकधी चढताना उचलून घेतो." फोन आपटला गेला, पण लग्नाला देस्पिना आली.

लग्न झालं पुढच्या सप्टेंबरात, वारे पडल्यावर. मारूसो आजींना चौघांनी खुर्चीसकट एकशे चौसष्ट पायऱ्या उतरवून आणलं. त्या चौऱ्याण्णव वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत मीठ कमी आहे म्हणत राहिल्या. दोन्ही बेकरीवाल्यांचं पंचवीस मार्चनंतर पुन्हा तीन वर्षं बोलणं बंद होतं. मग त्यांच्या मुलांनी एकमेकांशी लग्न केलं आणि नाइलाज झाला. आता चौकात एकच बेकरी आहे. पाद्रीबाबांची दुसऱ्या बेटावर बदली झाली. तिथे ते कुठल्याही घरात शिरण्याआधी दार वाजवून घरमालकीण बरी आहे ना, ते विचारतात म्हणे. झानिसचं दुकान चालतं – आता फुलं कमी, रोपांच्या कुंड्या जास्त. त्यांना दोन मुली आहेत आणि दोघींचे कान वडिलांवर गेलेत.

काही वर्षांनी सरकारी अनुदान पुन्हा सुरू झालं, पूर्वीच्या निम्मं. कुणीतरी विचारलं, आता महिन्याचे पाच बंद करायचे का? कुणी केले नाहीत. काहींची नावं आता त्यांच्या मुलांनी पुढे चालवली आहेत.

आणि एवांगेलिया काकू? त्यांचे गुडघे गेले. गेल्या चार वर्षांपासून त्यांना स्वतःच्याच जिन्यावरून खाली येता येत नाही. आर्गिरो, जी आता 'चूल' चालवते, रोज साडेबाराला त्यांचा डबा वर नेते. काकू झाकण उघडतात, वास घेतात, एक घास खातात आणि तिच्याकडे बघून म्हणतात, "बस गं पोरी घटकाभर. घाई कसली आहे? मी अजून जिवंत आहे."